नैरोबी : गाठोड्यातील कोट आणि रविवारची बाग

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम रखरखीत ऊन उभे राहते. केनियाची राजधानी नैरोबी ही समजूत पहिल्याच सकाळी मोडून काढते. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश अंतरावर असूनही हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर वसले आहे; म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही उंच. ‘नैरोबी’ हे नाव मसाई भाषेतील ‘थंड पाणी’ या अर्थाच्या शब्दांवरून आलेले. जुलै-ऑगस्टच्या दिवसांत सकाळी आभाळ झाकोळलेले असते आणि कामावर निघालेली माणसे जाड जाकिटे, लोकरी टोप्या घालून बसथांब्यावर उभी दिसतात. कोट ही येथे केवळ साहेबी चालीची खूण नाही, ती हवामानाची गरज आहे.

असे असले तरी नैरोबीकराच्या नीटनेटकेपणाचे सारे श्रेय थंडीला देता येणार नाही. अगदी साध्या नोकरीतील माणूसही येथे इस्त्रीचा सदरा आणि चकचकीत बूट घालून घराबाहेर पडतो. रविवारी तर हा नीटनेटकेपणा कळसाला पोहोचतो. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, त्यानंतर सहकुटुंब एखाद्या बागेत किंवा वनात फेरफटका, निखाऱ्यावर भाजलेले मांस किंवा मक्याचे कणीस, मुलांसाठी होडीची सफर आणि एखादे छायाचित्र, असा साधारण कार्यक्रम असतो. वडिलांच्या अंगावर सूट, आईच्या अंगावर ठसठशीत छापाचा ‘किटेंगे’, मुलीच्या केसांच्या बारीक वेण्या आदल्या दिवशी तासन्‌तास बसून घातलेल्या.

चांगले कपडे घालून चार घटका बाहेर जाणे ही जगातील किती साधी गोष्ट! परंतु त्यासाठी परवडणारा कपडा लागतो, जाण्यासाठी सर्वांना खुली असलेली जागा लागते आणि तेथवर निर्धास्तपणे पोहोचता येईल असा रस्ता लागतो. नैरोबीच्या सामान्य माणसाला या तिन्ही गोष्टी आयत्या मिळालेल्या नाहीत.

गळ्यातील डबी

हे शहर रेल्वेने जन्माला घातले. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारा लोहमार्ग १८९६ मध्ये सुरू झाला आणि १८९९ मध्ये रूळ या दलदलीच्या माळरानावर पोहोचले. तेथे रेल्वेचा तळ पडला, त्याचेच पुढे शहर झाले. या कामासाठी अविभाजित हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले होते. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मरण पावले. बरेचसे परतले, काही हजार स्थायिक झाले. त्यांच्या मागोमाग व्यापारी आले, शिंपी आले आणि दुकानांची रांग उभी राहिली. तिचे नाव बझार स्ट्रीट. आज तो रस्ता बियाशारा स्ट्रीट म्हणून ओळखला जातो. स्वाहिली भाषेत ‘बियाशारा’ म्हणजे व्यापार.

भारतीय वाचकाला स्वाहिली शब्दसंग्रह चाळताना जागोजागी ओळखीचे चेहरे भेटतात. ‘डुका’ म्हणजे दुकान, ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘लाकी’ म्हणजे लाख, ‘बिमा’ म्हणजे विमा, ‘हुंडी’ म्हणजे धनादेश आणि ‘पेसा’ म्हणजे अर्थातच पैसा. बँक कर्मचाऱ्याला तेथे दुभाष्याची अर्धी गरज कमीच भासावी!

वसाहतीच्या त्या नैरोबीत मात्र वर्णानुसार वस्त्या वाटून दिलेल्या होत्या. १९२० च्या सुमारास प्रौढ आफ्रिकी पुरुषांसाठी ‘किपांडे’ सक्तीचा झाला. नाव, बोटांचे ठसे आणि मालकाचे शेरे असलेला हा कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवावा लागे. तो नसला तर शिक्षा होई. ही पद्धत १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालली. या शहराने आफ्रिकी माणसाच्या अंगावर चढवलेली पहिली वस्तू ही अशी होती. पुढील पिढ्यांनी सूट, टाय आणि पॉलिश केलेल्या बुटांबद्दल एवढा आग्रह का धरला असावा, याचे उत्तर शोधताना गळ्यातील ती डबी विसरून चालणार नाही.

गिकोंबाचे गठ्ठे

नैरोबीच्या पोशाखाचे खरे भांडार काचेच्या दालनांत नसून नैरोबी नदीच्या काठी पसरलेल्या गिकोंबा बाजारात आहे. युरोप, अमेरिका, कॅनडा आदी देशांत लोकांनी टाकून दिलेले वा दान केलेले कपडे वर्गवारी करून दाबून बांधले जातात आणि जहाजाने मोंबासा बंदरात उतरतात. या कपड्यांना ‘मितुंबा’ म्हणतात. स्वाहिलीत त्याचा अर्थ गाठोडी. पूर्व आफ्रिकेतील जुन्या कपड्यांची ही सर्वांत मोठी बाजारपेठ मानली जाते. २०१९ या एका वर्षात केनियात सुमारे १ लाख ८५ हजार टन जुने कपडे आयात झाले, यावरून या व्यवहाराचा आवाका ध्यानात यावा.

बाजाराला जाग येते ती पहाटे, अंधार असतानाच. गठ्ठा साधारण ४५ किलोंचा आणि सीलबंद असतो. त्यावर ‘पुरुषांचे सदरे’, ‘मुलांचे कपडे’, ‘पडदे’ अशी ढोबळ ओळख असते. विकत घेणाऱ्याला तो आधी उघडून पाहता येत नाही. पैसे मोजायचे, दोर कापायचा आणि मग नशिबात काय आले ते बघायचे! उत्तम प्रतीचे कोट निघाले तर दोन दिवसांत भांडवल सुटते. डागाळलेले, उसवलेले कपडे निघाले तर महिन्याचे गणित कोसळते. आपल्याकडे कर्जप्रस्ताव तपासताना मालसाठ्याची पाहणी हा पहिला नियम असतो. येथे मालकाने स्वतःच आपला माल पाहिलेला नसतो, आणि तरीही हा व्यापार वर्षानुवर्षे चालला आहे.

गठ्ठा फुटताच भोवती कोंडाळे जमते. बारीक नजरेचे फेरविक्रेते आणि शौकीन गिऱ्हाईक पहिली निवड करतात. या पहिल्या निवडीच्या मालाला बाजारात ‘कॅमेरा’ असे झकास नाव आहे. हाच माल पुढे धुऊन, इस्त्री करून शहरातील लहान लहान दुकानांत टांगला जातो. त्यानंतर भाव टप्प्याटप्प्याने उतरतो. शेवटी जो ढिगारा उरतो तो ‘फागिया’, म्हणजे झाडून काढलेला; तो कवडीमोलाने जातो. एकाच गठ्ठ्यातून बँकेतील अधिकारी, शाळामास्तर आणि रोजंदारीवरील मजूर असे तिघेही आपापल्या ऐपतीनुसार कपडे घेतात. बाजारातच शिवणयंत्रे घेऊन बसलेले कारागीर असतात. त्यांना ‘फुंडी’ म्हणतात. युरोपातील दांडग्या माणसाचा कोट खांद्यात आवळून, बाह्या आखूड करून ते नैरोबीच्या तरुणाच्या अंगावर असा बसवतात की तो मुळात त्याच्याचसाठी बेतला होता असे वाटावे. नैरोबीकराच्या व्यक्तिगत शैलीचे रहस्य येथे आहे. दुकानातील एकाच मापाचे, एकाच रंगाचे शंभर सदरे त्याच्या वाट्याला येतच नाहीत. ढिगाऱ्यात त्या नमुन्याचा एकच कपडा असतो, तो ज्याला गवसला त्याचा. त्यामुळे दोन माणसे सारखी दिसण्याचा संभव कमीच.

या व्यापारात बहुसंख्य विक्रेते तुटपुंज्या भांडवलावर उभे आहेत. अनेकींचे पहिले भांडवल ‘चामा’तून येते. चामा म्हणजे आपली भिशीच. दहा-वीस जणींनी ठरावीक रक्कम दर आठवड्याला वा महिन्याला जमा करायची आणि पाळीपाळीने एकीला सगळी उचल द्यायची. मार्च २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइल फोनवरून पैसे पाठविण्याची सेवा सुरू झाली आणि ज्यांनी बँकेची पायरी कधी चढली नव्हती अशा विक्रेत्यांचेही व्यवहार रोकड न बाळगता होऊ लागले. पहाटेच्या अंधारात कनवटीला पैसे बांधून जाणाऱ्या बाईला या सोयीचे मोल विचारावे.

पण या नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती गंभीर आहे. १९८० च्या दशकापर्यंत केनियात कापडगिरण्या भरात होत्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी आयात खुली झाली. स्वस्त जुन्या कपड्यांपुढे आणि परदेशी मालापुढे अनेक गिरण्यांना टिकाव धरता आला नाही. सूत गेले, कापूस पिकवणारा शेतकरी गेला, गिरणी कामगार गेला. पूर्व आफ्रिकेतील राष्ट्रांनी २०१६ मध्ये जुन्या कपड्यांची आयात टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले होते. अमेरिकेने तिच्या बाजारातील करमुक्त प्रवेशाचा प्रश्न काढताच केनियाने माघार घेतली. रवांडा ठाम राहिला आणि २०१८ मध्ये त्याच्या तयार कपड्यांची ती सवलत गेली. २०२० मध्ये कोविडच्या भीतीने केनियाने मार्चअखेर मितुंबाची आयात थांबवली, पण ऑगस्टमध्ये ती पुन्हा सुरू करावी लागली. एल्डोरेट येथील रिव्हाटेक्स ही बंद पडलेली गिरणी मोई विद्यापीठाने २००७ मध्ये घेतली आणि २०१९ मध्ये ती आधुनिक यंत्रांसह पुन्हा सुरू झाली. या नूतनीकरणासाठी भारत सरकारने एक्झिम बँकेमार्फत सुमारे ३ कोटी डॉलरचा पतपुरवठा केला होता.

मितुंबा बंद करावे म्हणणारे आणि चालू ठेवावे म्हणणारे, दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. मात्र बंदीची भाषा करणाऱ्यांच्या कपाटात नवे सूट असतात, हेही विसरता येत नाही. गिकोंबाच्या विक्रेत्यांवर दुसरे संकट असते आगीचे. हा बाजार वारंवार जळतो. जून २०१८ मधील आगीत १५ जणांचा बळी गेला. राख थंड होताच विक्रेते पुन्हा बांबू रोवतात, कारण जागा सोडली तर ती दुसऱ्या कोणाच्या नावावर होण्याची धास्ती आगीपेक्षा मोठी असते.

बोलणारे कापड, न बोलणारा सूट

जुन्या कपड्यांच्या या पुरातही काही वस्त्रे अस्सल तेथलीच राहिली आहेत. मसाईंची लाल चौकड्यांची शुका सर्वपरिचित आहे. किकुयू आणि कांबा स्त्रियांनी विणलेली ‘कियोंडो’ ही घायपाताच्या धाग्याची टोपली ऑगस्ट २०१७ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यानंतर अधिकच उपयोगाची ठरली. पण सर्वांत रसाळ कथा आहे ती किनारपट्टीवरून आलेल्या ‘कांगा’ची.

कांगा हे आयताकृती सुती वस्त्र जोडीने विकले जाते. एक कमरेला, एक डोक्यावर वा खांद्यावर. त्याला काठ असतो, मध्ये मुख्य नक्षी असते आणि तिच्याखाली एका चौकटीत स्वाहिली भाषेत एक वाक्य छापलेले असते. ते वाक्य म्हणजे कांगाचे ‘नाव’. त्यात कधी म्हण असते, कधी आशीर्वाद, कधी प्रेम, तर कधी शेजारणीला मारलेला खरमरीत टोमणा. जे तोंडाने बोलता येत नाही ते सासुरवाशीण कांगा नेसून बोलते. आईला, पत्नीला, मैत्रिणीला कांगा भेट देताना रंगापेक्षा वाक्य आधी वाचले जाते, कारण चुकीचे वाक्य गेले तर नाते तुटायचे! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे वस्त्र रूढ झाले. मोंबासातील कादरदिना हाजी इसाक या भारतीय वंशाच्या व्यापाऱ्याच्या पेढीने कांगावर वाक्ये छापण्याची चाल लोकप्रिय केली, असे मानले जाते. आजही अनेक कांगा भारतात छापून तिकडे जातात.

किटेंगेची गंमत वेगळी. मेण लावून रंगविण्याची ही कला मूळ जावा बेटावरील. डच कारखानदारांनी ती यंत्रावर उतरवली आणि तिला गिऱ्हाईक मिळाले आफ्रिकेत. आज त्याहून ‘आफ्रिकी’ कापड कोणते, असा प्रश्न पडावा इतके ते तेथे मुरले आहे.

मग केनियाचा राष्ट्रीय पोशाख कोणता? ४० हून अधिक जमातींच्या देशात हा प्रश्न सोपा नाही. २०१७ मध्ये तर भारतीय वंशाच्या समाजालाही देशाची ४४ वी जमात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. २००४ मध्ये मोठा गाजावाजा करून तज्ज्ञांकडून एक राष्ट्रीय पोशाख तयार करवून घेण्यात आला. लोकांनी तो पाहिला, कौतुक केले आणि नंतर कोणी घातला नाही. समितीने ठरवलेला पोशाख अंगाला लागत नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले.

उलट ज्याची कोणी समिती नेमली नव्हती तो ‘काउंडा सूट’ लोकांनी आपणहून स्वीकारला. झांबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांच्या नावाने ओळखला जाणारा हा बहुधा अर्ध्या बाह्यांचा, टायविना घालायचा जोडपोशाख म्हणजे आपल्या सफारीचा सख्खा भाऊ. आपल्याकडील बँकांच्या जुन्या समूह-छायाचित्रांत तो पहिल्या रांगेत हमखास बसलेला आढळेल. केनियाचे राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी तो आवडीने वापरला आणि त्याला नवी झळाळी आली. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये संसदेच्या सभापतींनी काउंडा सूट आणि पारंपरिक आफ्रिकी वेश यांना सभागृहात मज्जाव केला. पुरुषांनी कोट, कॉलर, टाय असाच वेश करावा, असा दंडक. आफ्रिकी संसदेत आफ्रिकी वस्त्राला बंदी आणि ब्रिटिशांच्या टायला मानाचे पान, यावर वर्तमानपत्रांतून बरीच टीका झाली. स्वातंत्र्याला त्या वेळी ६० वर्षे पूर्ण होत होती.

बागेसाठी झगडा

कपडे झाले, आता जायचे कुठे? शहराच्या मध्यभागी जीवनजी गार्डन्स ही लहानशी बाग आहे. कराचीत जन्मलेले व्यापारी अलीभाई मुल्ला जीवनजी यांनी रेल्वेच्या कंत्राटांतून वैभव मिळविले आणि १९०६ मध्ये ही बाग शहराला अर्पण केली. वसाहतीच्या विधिमंडळावर नियुक्त झालेले ते पहिले भारतीय. दुपारच्या सुट्टीत येथे कारकून डबा खातात, धर्मोपदेशक घसा फोडून प्रवचन देतात, राजकारणावर वाद झडतात. बागेत जीवनजींनी उभारलेला व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. २०१५ मध्ये कोणी तरी त्याचे डोके उडवले. १९९१ मध्ये या जागेवर बहुमजली इमारत आणि वाहनतळ बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जीवनजींची नात झरीना पटेल उभी राहिली. लोकांच्या सह्या गोळा झाल्या, निषेध झाला आणि बाग वाचली.

झरीना यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत एक नाव होते वांगारी मथाई. नैरोबीत कोठेही झाडाखाली बसायचे तर या बाईंचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. १९७१ मध्ये डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पूर्व व मध्य आफ्रिकेतील पहिल्या महिला. १९७७ मध्ये त्यांनी ग्रामीण स्त्रियांना सोबत घेऊन झाडे लावण्याची ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ सुरू केली. त्यांचा पेहरावही लक्षात राहण्याजोगा होता. पायघोळ, भडक रंगांचा आफ्रिकी छापाचा झगा आणि त्याच कापडाचे डोक्याला बांधलेले वस्त्र. सुटाबुटातील अधिकाऱ्यांच्या गर्दीत त्या दुरूनही ओळखू येत.

१९६९ मध्ये जोमो केन्याटा यांच्या हस्ते खुले झालेले उहुरू पार्क हे नैरोबीच्या रविवारचे माहेरघर. ‘उहुरू’ म्हणजे स्वातंत्र्य. तळे, होड्या, हिरवळ, छायाचित्रकार आणि भाजलेली कणसे. खिशात फारसे पैसे नसलेल्या माणसाला सहकुटुंब दिवस घालवता येईल अशी शहरातील ही मोकळी जागा. १९८९ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या वृत्तपत्रासाठी येथे ६० मजली मनोरा उभारण्याचे ठरले; त्यासमोर राष्ट्राध्यक्ष मोई यांचा भव्य पुतळा असणार होता. वांगारी मथाई यांनी मंत्र्यांना, परदेशी दूतावासांना, गुंतवणूकदारांना पत्रांमागून पत्रे लिहिली. संसदेत त्यांच्यावर चिखलफेक झाली. आफ्रिकी परंपरेतील स्त्रीने पुरुषांचा मान राखावा आणि गप्प बसावे, अशा अर्थाचे बोल राष्ट्राध्यक्षांनी ऐकवले. त्यांच्या संस्थेला सरकारी जागेतील कार्यालय तातडीने रिकामे करावे लागले. वेश पाहता परंपरा त्यांनीच अंगावर घेतली होती आणि परंपरेचे धडे देणारे विलायती सुटांत होते, हा विरोधाभास कोणाच्याही नजरेतून सुटू नये. अखेरीस परदेशी गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला आणि मनोरा बारगळला. त्याच उद्यानात २७ ऑगस्ट २०१० रोजी केनियाची नवी राज्यघटना लोकांच्या साक्षीने अमलात आली.

घर ते बाग

बागेपर्यंत पोहोचायचे वाहन म्हणजे मटाटू. तीन नाणी हे तिचे सुरुवातीचे भाडे होते. ‘टाटू’ म्हणजे तीन, त्यावरून हे नाव. ही खाजगी प्रवासी गाडी म्हणजे धावते चित्रप्रदर्शन. फुटबॉलपटू, गायक, प्रेषित, सारे तिच्या अंगावर शेजारी शेजारी नांदतात आणि आतील संगीत पुढच्या चौकात ऐकू जाते. २००४ मध्ये वाहतूक मंत्री जॉन मिचुकी यांनी वेगनियंत्रक, आसनपट्टे आणि एकसारखा पिवळा पट्टा सक्तीचा केला, तेव्हा ही रंगरंगोटी काही काळ ओसरली. पुढे ती पुन्हा बहरली. तरुण मंडळी साधी गाडी सोडून देऊन नटलेल्या गाडीची वाट पाहत उभी राहतात. कपड्यांना शोभेल असे वाहन नको का?

परंतु याच थांब्यांवर नोव्हेंबर २०१४ मध्ये एक लाजिरवाणा प्रकार घडला. पेहराव असभ्य आहे असे म्हणत टोळक्याने एका तरुणीचे कपडे भर रस्त्यात फाडले. त्याचे चित्रीकरण सर्वत्र पसरले. १७ नोव्हेंबर रोजी शेकडो स्त्रिया आणि त्यांच्यासोबत काही पुरुष उहुरू पार्कजवळ जमले आणि जेथे हा प्रकार घडला त्या थांब्यापर्यंत चालत गेले. ‘माझा पोशाख, माझी निवड’ असे त्यांचे म्हणणे होते. काही जणींनी मुद्दाम आखूड झगे घातले होते, काहींनी पायघोळ. एकीने दुसरीकडे बोट दाखवले नाही. रस्त्याच्या कडेने काही पुरुष त्यांची टर उडवत होते, हेही नमूद केले पाहिजे. त्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर २०१४ मध्ये, कोणाचेही कपडे बळजबरीने उतरवणे हा किमान १० वर्षांच्या कारावासास पात्र गुन्हा ठरला. कायद्याने साऱ्या नजरा बदलल्या असे नव्हे, पण पोलीस ठाण्यात गेलेल्या मुलीला आता ‘तू काय घातले होतेस’ या प्रश्नापुढे एक कलम ठेवता येते.

करुराची लाल माती

ज्यांना बागेपेक्षा रान प्रिय आहे त्यांच्यासाठी शहराच्या उत्तर भागात करुरा वन आहे, सुमारे १,००० हेक्टरांचे. शहरालगत ११७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहेच आणि सिंह पाहायला पर्यटक तिकडेच धावतात. पण नैरोबीचा रहिवासी रविवारी मुलांना सायकलवर बसवून नेतो तो करुरात. धबधबा, माऊ माऊ बंडखोरांनी आश्रय घेतलेल्या गुहा, बांबूची बेटे आणि उंच झाडांतून पळणारी माकडे.

१९९० च्या दशकात या सार्वजनिक वनाचे तुकडे गुपचूप खाजगी बांधकामासाठी वाटले जात होते. ८ जानेवारी १९९९ रोजी वांगारी मथाई आणि त्यांचे सहकारी येथे रोपे लावायला गेले असता भाडोत्री रखवालदारांनी त्यांच्यावर हल्ला केला. डोक्याला जखम झालेल्या वांगारी मथाई पोलीस ठाण्यात गेल्या आणि तक्रारीवर त्यांनी आपल्या रक्तानेच खूण केली. शहर पेटून उठले, विद्यार्थी रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सार्वजनिक जमिनींच्या वाटपावर बंदी जाहीर झाली. २००४ मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. २५ सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले. वनाला कुंपण पडले, पायवाटा आखल्या गेल्या आणि एकेकाळी चोरांच्या भीतीने ओस पडलेल्या या रानात स्त्रिया एकट्याने धावण्याचा व्यायाम करू लागल्या.

करुराची माती लाल आणि चिकट. पाऊस पडून गेला असेल तर परतताना ती प्रत्येकाच्या बुटाला लागलेली असते. सोमवारी सकाळी शहराच्या मध्यवर्ती पदपथांवर बूट पॉलिशवाले आपल्या उंच खुर्च्या मांडून बसतात आणि कार्यालयांत निघालेले कारकून, अधिकारी, शिक्षक तेथे रांगेने बसतात. अंगातील कोट गिकोंबाचा असला तरी चालतो. बुटावर कालची माती राहिलेली चालत नाही.